खटक्यावरचा हात

वहिनी, खटका आला.

तुमच्या तेरवीची भांडी अजून अंगणात पालथी पडलेली होती आणि मोटारस्टँडवरून माणूस पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. नागपूरचा माल आहे, म्हणाला. मी खोकं घेतलं, देवळीत ठेवलं आणि चहा प्यायलो. तुमची धाकटी जाऊ, शांता, माझ्याकडे टक लावून बघत होती. मला काहीतरी वाटायला हवं असं तिला वाटत असावं. मलाही वाटत होतं की आपल्याला काहीतरी वाटायला हवं. चहात साखर जास्त झाली होती, एवढं मात्र कळलं.

माणसं येऊन गेली. बाई लय हिमतीची होती, असं एकजात सगळे म्हणाले. तुम्ही जिवंत असताना त्यांतल्या एकाच्याही तोंडून हे निघालं नव्हतं. मी मान डोलवत बसलो. एकाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "रडून घे गा भाऊ, मोकळा हो." त्याला म्हणणार होतो, कसं रडतात ते तूच दाखव. पण त्याने पानाचा डबा पुढे केला आणि मी पान खाल्लं.

खोकं दोन-तीन दिवस तसंच पडून राहिलं. तुम्ही कावीळ होऊन खाटेवर पडलात तेव्हा मोटारीचा भोंगा वाजला की विचारायचात, "भाऊजी, आला का खटका?" मी म्हणायचो, "येऊन राह्यला." शेवटी शेवटी तुम्हाला माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी भोंगा ओळखू यायचा. मी प्रत्येक वेळी येऊन राह्यला म्हणालो. खोटं नव्हतं ते. तो येतच होता, फक्त तुमच्यापेक्षा सावकाश.

आता मशीनचं सांगतो. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला आणि दादाने हे जनरेटर घेतलं. हिरवं, चौघांनी उचलावं एवढं जड. पेट्रोलवर सुरू करायचं, मातीच्या तेलावर चालवायचं. या भागात खांबावरची वीज नाही. लग्न असो, मंडई असो, लोक गॅसबत्त्या आणायचे. दादाने बल्बांची माळ टांगली आणि आपल्या मूल गावापासून पोंभुर्ण्यापर्यंत नाव केलं. मग एका पावसाळ्यात दादा तापाने गेला. घरातले म्हणाले, मशीन विकून टाका. तुम्ही माजघरातून बाहेर आलात, डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "मशीन इकाची नाई. भाऊजी चालवतीन, मी संग जाईन." विधवा बाई मशीनसोबत गावोगाव हिंडणार म्हटल्यावर घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं आणि अक्कल यायची होती. मला फक्त गाडीत बसायला मिळणार याचा आनंद झाला.

मशीनच्या अंगाला एक लोखंडी डबा आणि डब्यात खटका. तो वर उचलला की दिवे लागतात. वीज कुठे गळून मशीनच्या लोखंडात उतरली, तर तो आपोआप खाली पडतो आणि दिवे विझतात, म्हणजे मशीनला हात लावणाऱ्याला झटका बसू नये. त्यासाठी जमिनीत पहार ठोकायची, पहारीला तार बांधायची आणि पहारीच्या बुडाशी पाणी ओतायचं. पाणी ओतायचं काम तुमचं होतं. बैल सोडायच्या आधी तुम्ही हंडा घेऊन बोडीच्या तळ्यावर निघायचात. कितीदा सांगितलं की जमीन ओलीच आहे. तुम्ही ऐकलं नाही.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. दिवेलागणीला मशीनची पूजा व्हायची, पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लागायचं आणि मालकाच्या हाताने खटका वर जायचा. दादा असताना तो हात दादाचा होता. नंतर मशीन तुमची, म्हणून हातही तुमचाच असं तुम्ही ठरवलंत. कोणाला विचारलं नाही. पदर खोचून पुढे झालात, खटका उचललात, माळ लागली. पहिल्या वर्षी कोणी तोंडावर बोललं नाही, फक्त कुजबुजले.

पुढच्या वर्षी नाल्यात आपली गाडी कलंडली आणि मशीन दगडावर आपटली, आठवतं? तुम्ही बैलांना सोडून आधी मशीनला विचारलं होतं, "लागलं का वं?" डब्याचं झाकण वाकलं, बाकी काही झालं नाही. मी झाकण ठोकून ठोकून बसवलं. वरच्या अंगाला फट राहिली ती राहिलीच.

त्याच वर्षापासून खटका पडायला लागला.

पूजा झाली, तुम्ही हात लावलात, दिवे लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या आत खट्ट. सगळीकडे काळोख. मग मी पुढे व्हायचो. डबा कुंकवाने बरबटलेला असायचा आणि बोटं निसटायची, म्हणून आधी गमछाने आतून-बाहेरून पुसून घ्यायचो. मग खटका उचलायचो आणि तो टिकायचा. पुढे कार्यक्रम संपेपर्यंत टिकायचा. दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी तेच. कुठल्या तरी म्हातारीने एकदाचं बोलून टाकलं की रिकाम्या कपाळाची बाई उजेडाला हात लावते, मग उजेड राहील कसा? त्यानंतर कुजबुजायची गरज कोणाला उरली नाही. मशीन ठरवायला लोक यायचे ते माझ्याशी बोलायचे आणि निघताना हळूच सांगायचे, "बाईले आणा, पण हात नोको लावू देजा."

तुम्ही काय केलंत? पूजा वाढवलीत. तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, नेहमी एक नारळ असायचा. हळदकुंकू लावून झालं की तो तुम्ही पुढे करायचात. गावचा कोणी मानाचा माणूस तो मशीनच्या डब्यावर फोडायचा आणि पाणी डब्यावर सोडायचा. मग तुम्ही डोळे मिटून हात जोडायचात आणि खटका उचलायचात. खट्ट. आपल्या भागात नारळाचं झाड नाही. हे नारळ तुम्ही कुठून आणत होतात, असं विचारायचं मला कधी सुचलं नाही. ट्रंकेत नारळ असायचाच, जसा तुमच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचाच.

आपलं भांडण त्यावरूनच. मी म्हणालो, खटका बिघडलेला आहे, त्याला बगल देऊन सरळ तार मारतो, मग पडायचं नाव घेणार नाही. तुम्ही हात लावा, माळ लागेल, लोकांची तोंडं बंद होतील. एक तार, वहिनी. विडी ओढून होईस्तोवर काम झालं असतं.

तुम्ही तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "अन् एखांद्या लेकरानं वल्या पायानं मशीनले हात लावला मंग?"

"आजपावतर कोणाले काही झालं का?"

"खटका हाये म्हणून नाई झालं."

"पण तो तुमच्याच हातानं पडते ना! लोकं काय बोलतात ते आयकू येते का नाई तुमाले?"

"येते आयकू. मी काय बहिरी आहो?" तुम्ही सुपातला खडा उचलून माझ्या अंगावर फेकलात. "लोकाईनं मले नावं ठेवली त मी मरत नाई, भाऊजी. तार मारली त कोणतरी मरन."

हे भांडण आपण किती गाड्यांत, किती वाटांवर भांडलो त्याचा पत्ता नाही. माझ्या मते तुम्ही हट्टी होतात. अजूनही माझं तेच मत आहे. एवढं बोलणं ऐकून घ्यायचं, आणि तरी दर गावात खटक्याला हात लावायचाच, हा काय प्रकार होता? मी म्हणायचो, नका लावू, मी लावतो. तुम्ही म्हणायचात, "मशीन माह्या मालकाची. मी काऊन नोको लावू?" तुम्हाला एकदा, एकदाच, आपल्या माणसांसमोर तो दिवा टिकलेला बघायचा होता. हे तुम्ही तोंडाने कधी सांगितलं नाही. मला दिसत होतं.

एकदा टिकला होता. पण आपल्या माणसांसमोर नाही.

अहेरीकडे लाकडाच्या ठेकेदाराने बोलावलं होतं. ट्रकवर मशीन चढवून आपण गेलो, आणि जंगलातल्या एका गावी उतरताना तुमची ट्रंक ट्रकमध्येच राहिली. ट्रक पुढे निघून गेला. तुम्ही कासावीस झालात, मला वाटलं लुगड्यांसाठी. त्या गावच्या लोकांनी आपल्या देवाची पूजा दूर झाडाखाली, त्यांच्या रीतीने केली. मशीनला कोणी कुंकवाचं बोटही लावलं नाही. गावचा म्हातारा नुसता म्हणाला, "लाव बाई." तुमच्या कपाळाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही खटका उचललात आणि तसाच हात धरून उभ्या राहिलात, पडायची वाट बघत. तो पडला नाही. पोरं ओरडली. एका आजीबाईने तुमच्या हातावर मोहाचा लाडू ठेवला. तुम्ही त्या उजेडात लाडू खात उभ्या होतात, आणि दादा गेल्यापासून मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, "या लोकाईच्या देवाले मी चालतो वाटते, भाऊजी."

मी म्हणालो, योगायोग आहे. तेव्हा मी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मग गेल्या वर्षीची तुमच्या माहेरची मंडई. पोंभुर्ण्याच्या अलीकडचं ते गाव, समोर तुमची सगळी माणसं, लहानपणीच्या मैत्रिणी लेकरं कडेवर घेऊन बसलेल्या. तुम्ही नवं लुगडं नेसल्या होतात. पाटलांनी तुमचा नारळ डब्यावर फोडला. तुम्ही खटका उचललात. माळ लागली, पार त्या टोकाच्या पिंपळापर्यंत. आणि खट्ट.

काळोखात कोण बोललं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल, गाव तुमचं. "बाजूले हो वं बाई, मंडई नासवशीन." एवढंच. तुम्ही बाजूला झालात. मी गमछाने डबा पुसला, खटका उचलला, टिकला. त्या दिवसानंतर तुम्ही कधी खटक्याला हात लावला नाही. घरी आल्यावर म्हणालात, "नागपूरले लिहा. नवा खटका बोलवा. जुना बिघडला आसन त नव्यावर पाहू." मी पत्र टाकलं. असला माल विलायतेहून येतो, वेळ लागेल, असं उत्तर आलं. वेळ लागला.

तर मी तो बसवायला घेतला. करायला दुसरं काही नव्हतं. हात रिकामे ठेवले की शांता काळजीने बघायची.

सकाळी मशीन अंगणात ओढली. पहिल्यांदा इंजिनाची ठिणगीची वायर काढून ठेवली, चुकून फिरलं तरी पेटायला नको. तारांची खूण ठेवायला तुमच्या शिवणाच्या डब्यातले दोरे घेतले. जिथे लाल तिथे लाल, जिथे पांढरा तिथे पांढरा. ही युक्ती तुमचीच. मग डब्याचं वाकडं झाकण काढलं, स्क्रू सैल केले. स्क्रू फिरत नव्हते, गंजाने धरले असावेत असं वाटलं. खटका बाहेर काढून उन्हात धरला.

गंज नव्हता, वहिनी. हळद होती.

खटक्याच्या मागच्या अंगाला, तारा जोडतात तिथून थेट डब्याच्या लोखंडापर्यंत, हळदीकुंकवाचा थर. वाळून कडक झालेला, बोटाच्या पेराएवढा जाड, वर पिवळा, आत तांबडा. त्यात खोबऱ्याचे कण आणि मुंग्या लागलेल्या. मी पेचकसाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. एवढ्या मंडयांची पूजा तिथे जाऊन बसली होती, त्या फटीतून.

मी बराच वेळ तो हातात धरून बसलो. मग उठलो आणि जुना खटका होता तसा परत बसवला. घरात गेलो, तुमची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली नारळ होता. मशीन सुरू केली, एक बल्ब जोडला, पहारीला पाणी घातलं. माळ्यावरची कोरडी फळी पायाखाली घेतली. खटका उचलला, टिकला. खाली घेतला, नारळ फोडून पाणी झाकणाच्या फटीवर सोडलं आणि कोरड्या काठीने खटका उचलला. खट्ट. मशीन बंद करून गमछाने पुसून काढलं, परत सुरू केली. टिकला. परत पाणी. खट्ट.

नारळातलं पाणी संपलं तेव्हा मी थांबलो.

वीज त्या ओल्या हळदीवरून डब्यात गळत होती, आणि खटका आपलं काम करत होता. तो बिघडलेला नव्हताच. तुम्ही हात लावायचात तो पूजेनंतर, डबा ओला असताना. मी लावायचो तो पुसून झाल्यावर. जंगलातल्या त्या गावात मशीनवर कोणी काही ओतलंच नाही, म्हणून तिथे टिकला. तुमच्या हाताला कोणी नाव ठेवू नये म्हणून तुम्ही पूजा वाढवलीत, आणि पूजा वाढली तसा तो जास्त पडला.

शांता दारात उभी होती. मी तिला सांगितलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली, तोंडात पदर कोंबून. मग म्हणाली, "हे सांगा ना त्याईले. त्याईच्या माहेरी सांगा. लाऊडस्पीकरवर सांगा." मी हो म्हणालो. मला रडू आलं नाही. मी तिच्यासमोर बसून नवा खटका बसवला. जुना आता ठीक आहे हे कळलं होतं, पण तुम्ही नवा लावा म्हणाल्या होतात. त्याची भोकं डब्याच्या भोकांशी जुळेनात, म्हणून नवी पाडली. लाल तिथे लाल, पांढरा तिथे पांढरा. त्यावर तपासायचं एक बटण आहे, ते दाबलं की खटका पडतो. दाबलं, पडला. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून झाकणाच्या फटीला बेताचं केलं, पाणी आत शिरू नये म्हणून. जुना खटका खरवडून स्वच्छ केला आणि दादाच्या फोटोशेजारी ठेवला. तुमचा फोटो नाही. काढूया काढूया म्हणत राहिलो.

तुमच्या माहेरची मंडई ठरलेली होती. जायचं की नाही यावर घरात बोलणं झालं. मी गेलो. गाडीत तुमची जागा रिकामी होती, तिथे मी तारेचं भेंडोळं ठेवलं. वाटेत एकटाच बडबडत होतो, लाऊडस्पीकरवर काय बोलायचं ते. या गावच्या लेकीचा हात चांगला होता, असं सुरू करणार होतो. चांगलं जमलं होतं.

दिवेलागणीला पाटील आले. कपाळावर हात मारून म्हणाले, "बाई गेली गा. वाईट झालं. आता या वर्षी खटका मीच लावतो, मानाचा हात राहीन." मी बरं म्हणालो. झाकणाचं रबर माझ्या खिशात होतं. मी ते लावलं नाही.

तुम्ही असतात तर माझं बखोट धरून लावायला लावलं असतं. नव्या खटक्यावर माझा भरवसा होता आणि पहारीला मी दोन हंडे पाणी घातलं होतं, तरी. हे मी मुद्दाम केलं. हळदकुंकू झालं. नारळ फुटला, पाणी डब्यावरून ओघळलं. पाटलांनी फेटा सावरला आणि खटका उचलला. माळ लागली, पिंपळापर्यंत.

खट्ट.

काळोखात मी कान टवकारून उभा होतो. आता कोण बोलतं, काय बोलतं, ते ऐकायचं होतं मला. कोणीतरी हसलं. आणि मग तिकडून-इकडून आवाज आले. "मशीन खराब आहे गा!" "जुनी झाली मशीन!" पाटील स्वतः म्हणाले, "नवा खटका टाक ना गा यात."

"नवाच हाये," मी म्हणालो.

"मंग मशीनच खराब तुही," पाटील म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन बसले.

बस. एवढंच, वहिनी. तुमच्या वेळी हात वाईट होता. पाटलांच्या वेळी मशीन वाईट झाली. मी गमछाने डबा पुसला, रबर बसवलं, खटका उचलला. टिकला. लाऊडस्पीकरचा माईक माझ्यासमोरच होता. पाठ केलेलं सगळं तोंडात होतं आणि ते कोणाला सांगायचं हे कळेना. ज्यांनी आता डोळ्यांनी पाहिलं तेही दंडारीकडे तोंड करून बसले होते. मी दंडारवाल्यांना माईक देऊन टाकला.

पण हे सगळं एका माणसाला सांगायचंच, असं ठरवून सकाळी तुमच्या आईकडे गेलो. त्या अंगणात धान वाळत घालत होत्या. पाट दिला, गूळपाणी दिलं. आई खूप वाळल्यात, वहिनी. मी पेला हातात घेऊन वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्या आत गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन आल्या.

नारळ.

"घे बाबा. तिच्यासाठी आणून ठेवला होता."

मी बघतच राहिलो.

"दर साली मीच धाडत होती. इकडून कोणी मूलले जाणारा पाह्यला का त्याच्यासंग एक देत होती. सिरोंच्याकडला यापारी येते बाजारात, त्याच्याजवळून घेत होती." त्या नारळावरची धूळ पदराने पुसत होत्या. "तिले सांगून ठेवलं होतं मी, का बाई, तू उजेडाले हात लावतेस, लोकं बोलतात. पहिले नारळ फोड, पाणी सोड, मंग हात लाव. म्हंजे देव तुह्या हातावर बोट नाई ठेवणार."

पेला माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

मग त्यांनी विचारलं. वर्षभर त्या हे विचारायला कोणाची तरी वाट बघत असाव्यात. "एवढं केलं गा मी. मंग तिच्या हाती काऊन नाई टिकला?"

माझ्याकडे उत्तर होतं. दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. अंगणात बसून, नारळ फोडून, पाणी ओतून मी ते सिद्ध करून आलो होतो. नारळही समोर होता.

"मशीन खराब होती, आई," मी म्हणालो. "खटकाच खराब होता. कोणाच्याही हाती पडत होता. काल पाटलाच्या हाती बी पडला, तुमी आयकलं आसन."

"हो. आयकलं." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "म्हंजे हात चांगला होता तिचा?"

"चांगला होता."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि धानाकडे वळल्या. पाय फिरवत फिरवत धान खालीवर करत राहिल्या.

शांता विचारते, सांगितलं का. मी हो म्हणतो. नारळ तुमच्या ट्रंकेत ठेवला आहे, लुगड्यांच्या खाली. तो मी फोडणार नाही.

खरं काय ते फक्त तुम्हाला सांगतोय. तुम्ही आईला कधी भेटलात तर तुम्हीही सांगू नका.